गाय आटवण्यापूर्वी कासेची तपासणी: प्रत्येक सडाची स्वतंत्र परीक्षा आणि त्यावरून घ्यायचा निर्णय

गाय सात महिन्यांची गाभण झाली की तिला आटवायचे, म्हणजे विण्यापूर्वी तिची धार थांबवायची, हे आपल्याकडे प्रत्येक दूध उत्पादकाला ठाऊक असते. मात्र आटवण्यापूर्वी तिच्या कासेत आजार दडलेला आहे की नाही, हे पाहण्याची सवय फार थोड्या गोठ्यांत आढळते. दूध पांढरेशुभ्र आहे, गाठी पडत नाहीत, कास हाताला मऊ लागते, एवढ्यावर गाय निरोगी धरली जाते आणि मग एक तर चारही सडांत सरसकट प्रतिजैविकाची ट्यूब सोडली जाते किंवा काहीच न करता धार थांबवली जाते. या दोन्ही पद्धतींत कोणत्या सडात काय चालले आहे, हे कोणालाच कळत नाही, आणि सुप्त कासदाह नेमका अशा न कळण्यावरच जगतो. त्यात कास सुजत नाही, दूध नासत नाही, गाय चारा सोडत नाही. फक्त दूध थोडे कमी होते आणि संकलन केंद्रावर एसएनएफ (दुधातील स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ) कमी लागू लागतो. तेवढ्यासाठी आपण पेंडीला किंवा हिरव्या चाऱ्याला दोष देऊन मोकळे होतो.

धार चालू असते तोपर्यंत सडात शिरलेले काही जंतू दिवसातून दोन वेळा दुधाबरोबर बाहेर पडत असतात. धार थांबली की हे बाहेर पडणे बंद होते, पहिल्या काही दिवसांत कासेत दूध साचून राहते आणि सडाचे तोंड ताणले जाते. निरोगी सडाच्या छिद्रात केरॅटिनचे नैसर्गिक बूच तयार होते खरे, पण ते सर्व सडांत एकाच वेगाने होत नाही आणि काही सड कित्येक आठवडे उघडेच राहतात. ज्यांच्या टोकाला भेगा किंवा खरबरीत कडे आहे, अशा सडांत हा धोका अधिक असतो. म्हणून आटवल्यानंतरचे पहिले दोन आठवडे आणि विण्यापूर्वीचे शेवटचे दोन आठवडे नव्या संसर्गासाठी सर्वांत धोक्याचे मानले जातात. दुसरीकडे, आधीपासून असलेला सुप्त संसर्ग बरा करण्याची सर्वांत चांगली संधीही आटवण्याच्या काळातच मिळते, कारण आटवताना सोडलेले औषध धारेबरोबर वाहून जात नाही, कासेत दीर्घकाळ टिकते आणि दूध फेकून देण्याचा प्रश्नही येत नाही. ही संधी साधायची असेल, तर कोणत्या गाईच्या कोणत्या सडात आजार आहे, हे आटवण्याच्या दिवशी हातात असले पाहिजे. त्यासाठी तपासणीची सुरुवात साधारण महिनाभर आधी करावी लागते.

प्रथम तारखा काढा

गाईचा गाभणकाळ सरासरी २८० दिवसांचा, म्हणजे आपल्या बोलीत नऊ महिने नऊ दिवसांचा असतो. समजा, कृत्रिम रेतन १ जानेवारीला झाले आणि तपासणीत गर्भधारणा पक्की ठरली, तर गाय ८ ऑक्टोबरच्या सुमारास विते. साठ दिवसांचा आटवण काळ धरला, तर तिला ९ ऑगस्टच्या आसपास आटवावे लागेल. यावरून कासेची पहिली तपासणी १२ जुलैच्या सुमारास, तर दुसरी तपासणी २६ ते ३० जुलैच्या दरम्यान येते. दुसरी तपासणी आटवण्याच्या दहा ते चौदा दिवस आधी ठेवण्याचे कारण असे की, त्या वेळी घेतलेला दुधाचा नमुना प्रयोगशाळेत गेला, तर अहवाल येऊन पशुवैद्यकाशी बोलायला पुरेसे दिवस उरतात. आटवण्याच्या दिवशीच नमुना घेतला, तर अहवाल येईपर्यंत ट्यूब सोडून झालेली असते आणि त्या अहवालाचा या वेतात काहीही उपयोग होत नाही.

रेतनाची तारीख लिहिलेली नसेल, तर पुढचे सगळे गणित अंदाजावर जाते. अशा गाईची गर्भतपासणी करवून घ्या आणि पशुवैद्यकाने सांगितलेला गाभणकाळ त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.

गाईचा मागचा इतिहास

हात लावण्याआधी वही उघडावी. या वेतात गाईला दगडी (उघड कासदाह) झाली होती का, झाली असल्यास कोणत्या सडाला, किती वेळा, कोणते औषध दिले आणि त्यानंतर त्या सडाचे दूध पूर्ववत झाले का, या प्रश्नांची उत्तरे तपासणीइतकीच मोलाची आहेत. एकाच सडाला एका वेतात पुन्हा पुन्हा त्रास झाला असेल, तर तो सड वरवर बरा दिसला तरी संशयित समजावा. गाय कितव्या वेताची आहे, हेही पाहावे, कारण वय वाढते तसे सडाचे छिद्र सैल होत जाते आणि जुना संसर्ग कासेत मुरलेला असण्याची शक्यता वाढते.

वही नसेल, तर गोठ्यात रोज धार काढणाऱ्या व्यक्तीला विचारा. अनेक घरांत हे काम बायका करतात आणि ‘मागच्या डाव्या सडाची धार पातळ येते’, ‘तो सड उशिरा पान्हवतो’ अशा गोष्टी त्यांना किती तरी आधी जाणवलेल्या असतात. पशुवैद्यक आल्यावर गाईची माहिती सांगायला घरातला पुरुष पुढे होतो आणि ही माहिती तशीच राहून जाते. तपासणीच्या वेळी धार काढणारी व्यक्ती हजर असावी, असा माझा आग्रह आहे.

डोळ्यांनी आणि हातांनी

कास दोन वेळा पाहावी: एकदा धार काढण्यापूर्वी आणि एकदा धार पूर्ण झाल्यावर. धारेपूर्वी गाईच्या मागे उभे राहून कासेचे चारही भाग सारखे भरले आहेत का, हे पाहावे. एखादा भाग इतरांपेक्षा लहान, आक्रसलेला किंवा उलट ताठ दिसत असेल, तर त्याची नोंद करावी. खरी तपासणी मात्र धारेनंतरची असते, कारण दूध निघून गेलेली निरोगी कास मोकळी आणि लवचीक होते, तिची कातडी बोटांत सहज धरता येते. बोटांची टोके हलकेच दाबत प्रत्येक भाग सडाच्या मुळापासून वरपर्यंत चाचपावा. जुनाट संसर्ग झालेल्या भागात आत घट्ट, दोरखंडासारखा किंवा गाठीसारखा कठीण भाग लागतो, आणि शेजारच्या भागाशी लगेच तुलना केली तर हा फरक नवशिक्याच्या हातालाही कळतो.

सडांची टोके उजेडात पाहावीत. छिद्राभोवती गुळगुळीत, अगदी बारीक कडे असणे स्वाभाविक आहे. ते जाड, खरबरीत आणि कडेला फुलल्यासारखे झाले असेल, तर त्या भेगांत जंतू घर करतात. मिल्किंग मशीनची निर्वात पातळी चुकीची असणे किंवा दूध संपल्यावरही मशीन सडांवर चालू राहणे, ही याची नेहमीची कारणे आहेत. हातधार असेल तिथे अंगठा मुडपून धार काढण्याची सवय सडाच्या आतल्या अस्तराला इजा करते. पूर्ण मुठीने धार काढणे केव्हाही चांगले.

यानंतर प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा काळ्या रंगाच्या कपात किंवा काळ्या फरशीच्या तुकड्यावर घ्याव्यात. पांढरे कण, धागे, पाणचटपणा, पिवळसर झाक किंवा रक्ताची छटा काळ्यावर स्पष्ट दिसते. असे काही दिसले, तर तो सुप्त कासदाह राहिलेला नाही. तो उघड कासदाह आहे आणि त्यावर पशुवैद्यकाकडून आधी उपचार करून घ्यावा लागतो. उघड कासदाह चालू असताना गाय आटवू नये. पहिल्या धारा गोठ्याच्या जमिनीवर किंवा स्वतःच्या हातावर घेऊन पाहण्याची पद्धत मात्र बंद झाली पाहिजे, कारण त्याच हाताने पुढची गाय पिळली जाते.

सीएमटी चाचणी

कॅलिफोर्निया मस्टायटीस टेस्ट, अर्थात सीएमटी, ही चाचणी १९५७ पासून वापरात आहे आणि आजही गोठ्यात उभ्या उभ्या करता येण्याजोगी तिच्याइतकी भरवशाची, स्वस्त चाचणी दुसरी नाही. तिच्यामागचे तत्त्व सोपे आहे. कासेत जंतू शिरले की त्यांच्याशी लढण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने दुधात उतरतात. सीएमटीच्या द्रावणातील साबणासारखा घटक या पेशींचे आवरण फोडतो, आतले डीएनए बाहेर येते आणि मिश्रण चिकट होते. पेशी जितक्या जास्त, तितका चिकटपणा जास्त. द्रावणात मिसळलेल्या रंगामुळे दूध अधिक अल्कधर्मी झाले असल्यास जांभळी छटा गडद होते, मात्र निकाल चिकटपणावरूनच द्यायचा असतो, रंगावरून नव्हे.

चाचणीची चार वाट्यांची तबकडी आणि द्रावणाची बाटली पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात मिळते. काही द्रावणे पाणी घालून पातळ करावी लागतात, तेव्हा बाटलीवरचे प्रमाण वाचल्याशिवाय वापरू नयेत.

चाचणी धारेच्या सुरुवातीला, गाय पान्हवल्यानंतर करावी. सड स्वच्छ पुसून कोरडे करावेत आणि प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा बाजूला काढून टाकाव्यात. मग तबकडी कासेखाली धरून प्रत्येक सडाची एक-दोन धार त्याच्या ठरलेल्या वाटीत घ्यावी. कोणती वाटी कोणत्या सडाची, हे आधीच ठरवून ते कधीही बदलू नये, आणि उजवा-डावा हा भेद गाईच्या उजव्या-डाव्या बाजूने करावा, आपल्या नव्हे. चारही वाट्यांत दूध आले की तबकडी किंचित कलती करून जादा दूध सांडून द्यावे. वाटीत आखलेल्या रेषेपर्यंत, म्हणजे साधारण दोन मिलिलिटर दूध उरते. तितकेच द्रावण प्रत्येक वाटीत घालावे. द्रावण जोराने मारून फेस करू नये, कारण फेसात चिकटपणा ओळखता येत नाही.

आता तबकडी आडवी धरून ती गोलाकार, संथपणे दहा ते पंधरा सेकंद फिरवावी आणि फिरवत असतानाच निकाल पाहावा. साधारण वीस सेकंदांच्या आत नोंद झाली पाहिजे, कारण सौम्य चिकटपणा त्यानंतर विरून जातो आणि आजारी सड निरोगी वाटू लागतो. मिश्रण पाण्यासारखे मोकळे वाहत राहिले, तर निकाल शून्य. तबकडी कलती केल्यावर तळाशी किंचित दाटपणा दिसला आणि फिरवत राहिल्यावर नाहीसा झाला, तर त्याला ‘ट्रेस’ म्हणतात. आपल्या वहीत त्यासमोर ‘संशयित’ लिहावे. मिश्रण स्पष्टपणे दाट झाले, पण गोळा होत नसेल, तर दर्जा १. ते लगेच घट्ट होऊन अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे वाटीच्या मध्याकडे सरकू लागले, तर दर्जा २. मध्यभागी उंचवटा येऊन गोळा वाटीच्या तळाला धरून राहिला आणि तबकडी कलती केली तरी सहज ओघळला नाही, तर दर्जा ३. ढोबळमानाने पाहता शून्य म्हणजे एका मिलिलिटरमध्ये दोन लाखांपेक्षा कमी पेशी, संशयित म्हणजे दोन ते चार लाख, दर्जा १ म्हणजे चार ते बारा लाख, दर्जा २ म्हणजे बारा ते पन्नास लाख आणि दर्जा ३ म्हणजे त्याहून अधिक. एका गाईची चाचणी झाली की तबकडी स्वच्छ पाण्याने धुऊन झटकून घ्यावी; वाटीतले मिश्रण नाल्यात टाकावे, गव्हाणीत किंवा गाईच्या पायाशी नाही.

शेवटच्या महिन्यातला निकाल वाचताना

इथे सर्वाधिक चुका होतात, म्हणून थोडे थांबून सांगतो. वेताच्या शेवटी दूध कमी झाले की निरोगी कासेतही पेशींचे प्रमाण थोडे वाढते, कारण तितक्याच पेशी आता कमी दुधात उतरत असतात. दिवसाला चार-पाच लिटरवर आलेल्या गाईच्या चारही सडांत सारखाच सौम्य दाटपणा दिसला, तर चारही सड आजारी आहेत, असा निष्कर्ष घाईने काढू नये. कासेचा प्रत्येक भाग आतून स्वतंत्र असतो. एका भागातले दूध दुसऱ्या भागात जात नाही आणि संसर्गही बहुधा एखाद-दुसऱ्या भागातच असतो. म्हणून एका सडाची तुलना त्याच गाईच्या इतर तीन सडांशी करणे हे निकाल वाचण्याचे मर्म आहे. तीन वाट्यांत मिश्रण मोकळे वाहते आणि चौथीत गोळा होतो, तेव्हा शंकेला जागा उरत नाही. चारही वाट्यांत ‘संशयित’ आले, तर दुसऱ्या तपासणीपर्यंत थांबावे आणि शक्य असल्यास प्रयोगशाळेची मदत घ्यावी.

दोन तपासण्या घेण्याचे आणखी एक कारण म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू. तो कासेच्या आत खोलवर लपतो आणि दुधातून सतत बाहेर पडत नाही. एखाद्या दिवशीच्या नमुन्यात तो सापडतच नाही. दोन्ही वेळा दर्जा १ किंवा त्यापुढचा आलेला सड संसर्गित समजावा. एकदा आला आणि एकदा आला नाही, तर त्या सडाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवणे योग्य.

सीएमटीचे द्रावण मिळत नसेल, तर घरगुती कपडे धुण्याच्या पावडरीचे तीन टक्के द्रावण, म्हणजे अर्धा लिटर पाण्यात पंधरा ग्रॅम पावडर, दुधाइतक्याच प्रमाणात मिसळून अशीच चाचणी करता येते. तिच्यात रंगाची मदत नसते आणि प्रत्येक पावडरीची ताकद वेगळी असते, त्यामुळे आधी खात्रीने निरोगी असलेल्या सडाच्या दुधावर ती करून पाहावी आणि सौम्य संसर्ग तिच्यात निसटू शकतो, हे लक्षात ठेवावे. रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या दुधाची अल्कधर्मिता दाखवतात, तर विद्युतवाहकता मोजणारी हातातली यंत्रे दुधातले वाढलेले क्षार ओळखतात. दोन्ही उपयोगी आहेत, पण एकट्या त्यांच्या आधारे उपचाराचा निर्णय घेऊ नये.

पेशींची मोजणी आणि जंतूंची ओळख

काही डेअऱ्या व प्रयोगशाळा दुधातील पेशींची प्रत्यक्ष मोजणी करून देतात. संपूर्ण गाईच्या दुधात दोन लाखांपेक्षा अधिक पेशी आढळल्या, तर किमान एका सडात संसर्ग आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मात्र चारही सडांचे एकत्र दूध मोजण्यात एक मोठी फसगत आहे. तीन सडांत प्रत्येकी पन्नास हजार आणि चौथ्यात पाच लाख पेशी असतील, तर सारखे दूध धरून त्यांची सरासरी १,६२,५०० येते, म्हणजे कागदावर गाय निरोगी ठरते आणि आजारी सड तसाच राहतो. त्यामुळे पेशींचा अहवाल हाती असला, तरी सडवार सीएमटी टाळू नये.

जंतू कोणता आहे, हे कळण्यासाठी दुधाचे कल्चर करावे लागते, म्हणजे प्रयोगशाळेत त्यातले जंतू वाढवून ओळखावे लागतात. ते प्रत्येक गाईसाठी परवडेलच असे नाही. पण गोठ्यात तीन-चार सड सकारात्मक निघाले असतील, तर त्यांचे नमुने नक्की पाठवावेत, कारण त्यावरून संपूर्ण गोठ्याचे धोरण ठरते. स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टिये हा जंतू गाईच्या कासेतच राहतो, धार काढणाऱ्या हातांमधून पसरतो आणि पेनिसिलिनच्या गटातील औषधांना चांगली दाद देतो, स्टॅफिलोकॉकस ऑरियसही असाच पसरतो, पण जुना झाला की औषधाला फारसा बधत नाही, ई. कोलाय आणि स्ट्रेप्टोकॉकस युबेरिस हे शेण, चिखल आणि ओल्या बसण्याच्या जागेतून येतात. पहिल्या दोघांसाठी धार काढण्याची पद्धत सुधारावी लागते, शेवटच्या दोघांसाठी गोठ्याची जमीन. कल्चरबरोबर कोणते औषध लागू पडेल, याची चाचणीही करवून घ्यावी.

नमुना घेताना स्वच्छतेत कसूर झाली, तर सगळी मेहनत वाया जाते. निर्जंतुक बाटली पशुवैद्यकीय दवाखान्यातून किंवा प्रयोगशाळेतूनच आणावी. उकळत्या पाण्याने धुतलेली औषधाची रिकामी बाटली चालत नाही. हात धुऊन हातमोजे घालावेत, सड पुसून कोरडे करावेत आणि पहिल्या धारा टाकून द्याव्यात. मग सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने सडाचे टोक घासून पुसावे आणि कापूस स्वच्छ निघेपर्यंत नवा कापूस घेत राहावे. पुसताना आपल्यापासून दूरचे सड आधी आणि जवळचे नंतर पुसावेत, नमुना मात्र जवळच्या सडाचा आधी घ्यावा. असे केल्याने पुसलेल्या सडाला आपला हात पुन्हा लागत नाही. बाटली तिरपी धरावी, झाकणाची आतली बाजू खाली धरून हातातच ठेवावी, सड बाटलीच्या तोंडाला टेकू देऊ नये आणि पाच ते दहा मिलिलिटर दूध पुरेसे मानावे. बाटलीवर गाईच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक, सड आणि तारीख लिहून ती बर्फाच्या डब्यात ठेवावी आणि चोवीस तासांच्या आत पोहोचवावी. नुकतेच प्रतिजैविक दिलेल्या गाईचा नमुना घेतला, तर जंतू असूनही अहवाल कोरा येऊ शकतो, म्हणून ही माहिती नमुन्यासोबत द्यावी.

पश्चिम महाराष्ट्रातल्या दूध उत्पादकांना पुण्यातील औंध येथील पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आणि शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळचे आहेत. परभणी, उदगीर आणि नागपूर येथेही पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. नमुना घेऊन निघण्यापूर्वी तालुक्याच्या दवाखान्यातून दूरध्वनीने वेळ आणि शुल्क विचारून घ्यावे.

निर्णय

युरोपीय संघात २८ जानेवारी २०२२ पासून निरोगी जनावरांना केवळ खबरदारी म्हणून सरसकट प्रतिजैविके देण्यावर बंधन आले, आणि त्यामुळे तिथे आटवताना फक्त संसर्गित गाईंनाच औषध देण्याची पद्धत रूढ झाली. आपल्याकडे दर महिन्याच्या पेशींच्या नोंदी बहुतेक गोठ्यांत नसतात आणि पावसाळ्यात जमीन कोरडी ठेवणे अवघड असते, म्हणून ती पद्धत जशीच्या तशी उचलणे मला योग्य वाटत नाही. मात्र तपासणी न करता प्रत्येक सडात औषध भरणेही योग्य नाही. त्यातून औषधाला न जुमानणारे जंतू आपल्याच गोठ्यात तयार होतात. आटवण्याच्या ट्यूबमधली प्रतिजैविके पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय वापरू नयेत, आणि त्याला चिठ्ठी लिहिण्यासाठी लागणारी माहिती या तपासणीतून मिळते.

तीन गाई डोळ्यांपुढे आणा. पहिलीच्या चारही सडांचे निकाल दोन्ही वेळा शून्य आहेत, या वेतात दगडी झालेली नाही आणि सडांची टोके गुळगुळीत आहेत. तिला प्रतिजैविकाची गरज बहुधा नाही. बिस्मथ सबनायट्रेटचे सडात भरायचे सीलर तिच्या सडाचे छिद्र विण्यापर्यंत बंद ठेवते. दुसरीच्या मागच्या डाव्या सडात दोन्ही वेळा दर्जा २ आला आहे. तिला आटवण्याची प्रतिजैविक ट्यूब द्यावी लागेल, आणि आपल्याकडच्या परिस्थितीत मी ती चारही सडांत देण्याच्या बाजूचा आहे, कारण एक सड संसर्गित असलेल्या गाईचे बाकीचे सडही अधिक धोक्यात असतात आणि सीएमटी सौम्य संसर्ग चुकवू शकते. औषधानंतर सीलर द्यायचे की नाही, हे पशुवैद्यक ठरवतील. संसर्गित सडात नुसते सीलर भरणे म्हणजे जंतूंना आत कोंडणे, ते कदापि करू नये.

तिसरी गाय पाचव्या-सहाव्या वेताची आहे, दोन सडांत दर्जा ३ आहे, कास चाचपताना कठीण गाठी लागतात आणि कल्चरमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस निघाला आहे. अशा गाईवर ट्यूबमागून ट्यूब खर्च करून ती बरी होण्याची आशा फारशी नसते. गाय गोठ्यातून काढून टाकणे आपल्याकडे कायद्यानेही सोपे नाही आणि मनानेही नाही, त्यामुळे तिचा निकामी सड पशुवैद्यकाच्या सल्ल्याने कायमचा बंद करावा, तिची धार नेहमी सर्वांत शेवटी काढावी आणि तिचे कच्चे दूध कालवडींना पाजू नये. आजार लपवून ती बाजारात विकणे म्हणजे दुसऱ्या शेतकऱ्याच्या गोठ्यात तो जंतू पाठवणे होय.

आटवण्याचा दिवस

शेवटच्या आठवड्यात खुराक कमी करून आणि चांगला हिरवा चारा बंद करून दूध उतरवावे. पिण्याचे पाणी मात्र तोडू नये. गाय पंधरा लिटरच्या वर दूध देत असताना एकदम धार थांबवली, तर सड ताणले जाऊन गळतात आणि जंतूंना वाट मिळते. शेवटची धार पूर्ण काढावी, सड वर सांगितल्याप्रमाणे अल्कोहोलने पुसावेत आणि प्रत्येक सडासाठी स्वतंत्र ट्यूब वापरावी. एक ट्यूब दोन सडांत वाटून सोडल्याने औषधाची मात्राही अपुरी पडते आणि एका सडातले जंतूही दुसऱ्यात जातात. ट्यूबची नळी पूर्ण आत न घालता केवळ टोक सडात सरकवावे, म्हणजे छिद्राच्या आतले अस्तर दुखावत नाही. प्रतिजैविक सोडल्यावर सड खालून वर चोळून ते कासेत चढवावे. सीलर चोळू नये, उलट ते भरताना सडाचे मूळ बोटांत दाबून धरावे, म्हणजे ते सडातच राहते. नंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत आणि गाईला वैरण टाकून अर्धा तास उभी ठेवावी. दुभत्या गाईसाठी असलेली ट्यूब आटवताना वापरू नये आणि आटवण्याची ट्यूब दुभत्या गाईला कधीही देऊ नये. औषधाचे नाव, तारीख आणि दूध वर्ज्य ठेवण्याचा वेष्टनावरचा काळ लगेच वहीत लिहावा, कारण गाय लवकर व्याली, तर दूध केंद्रावर कधी घालायचे, हे त्या नोंदीवरूनच ठरेल.

पहिले दोन आठवडे रोज कास नुसती पाहावी. ती पहिले काही दिवस भरलेली दिसेल. ‘जरा मोकळी करू’ म्हणून सड पिळू नयेत, त्याने तयार होणारे बूच निघून जाते आणि पान्हा पुन्हा सुरू होतो. एकच बाजू गरम, लाल व दुखरी झाली किंवा गाईला ताप आला, तर मात्र वेळ न घालवता पशुवैद्यकाला किंवा १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलवावे.

व्याल्यानंतरची तपासणी

चिकात पेशी मुळातच जास्त असतात, त्यामुळे पहिल्या तीन-चार दिवसांचा सीएमटी निकाल ग्राह्य धरू नये. पाचव्या दिवसाच्या सुमारास चारही सडांची चाचणी करावी आणि तो निकाल आटवण्यापूर्वीच्या निकालाशेजारी लिहावा. आधी संसर्गित असलेला सड आता शून्यावर आला असेल, तर उपचार लागू पडला. तो तसाच असेल, तर कल्चर करून औषधाचा फेरविचार करावा. आधी शून्य असलेला सड आता दर्जा २ वर गेला असेल, तर संसर्ग आटवण काळात शिरला आहे. असे एका गाईत घडले, तर तो योगायोग असू शकतो. तीन-चार गाईंत घडले, तर भाकड गाई जिथे बसतात ती जागा, तिथला चिखल, माश्या आणि विण्याच्या जागेची स्वच्छता आधी तपासावी.